आजीचा वेळ फुकट नसतो

दिवेलागणीला नातवंडाला मांडीवर घेऊन बसलेली आजी हे आपल्या व्यासपीठांवरचे हुकमी चित्र आहे. आमची कुटुंबव्यवस्था थोर आहे, हे सिद्ध करायचे असले की वक्ते तिला पुढे करतात आणि टाळ्याही मिळतात. पण व्यासपीठावरून उतरल्यावर या आजीसाठी आपण काय करतो? याचे उत्तर लाजिरवाणे आहे.

ज्या स्वीडनला आपण कुटुंब मोडीत काढणारा देश म्हणून नावे ठेवतो, तेथे अपत्यसंगोपनासाठी आईवडिलांना मिळून ४८० दिवसांचा भत्ता मिळतो. १ जुलै २०२४ पासून त्यांतील प्रत्येकी ४५ दिवस ते आजी-आजोबांच्या नावे करू शकतात. तेथील शासनाने आजीच्या वेळाला मोल दिले. आपण त्या वेळाला 'माया' म्हटले आणि हिशेब मिटवून टाकला!

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. हे स्वागतार्हच होते. परंतु ही रजा संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचे असते. उष्टावण होते न होते, तोच आई कामावर रुजू होते आणि आजीला गावाहून बोलावणे जाते. गुडघेदुखी, भजनी मंडळ, शेजारपाजार सारे मागे टाकून ती शहरात येते. आजोबा गावी एकटेच राहतात. दोन खोल्यांच्या घरात तिला दिवाणखान्यात पथारी मिळते. तिला सुट्टी नाही, विचारणा नाही. चुकले तर बोलणी मात्र आहेत.

वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, हे डॉक्टरांचे म्हणणे योग्यच आहे आणि आजीनेही ते ऐकावे. पण एक वर्षाखालील बाळाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, ते घरातील किती शिकलेल्यांनी ऐकले? आजीच्या मांडीवर बाळाला शब्द मिळतात, स्पर्श मिळतो आणि पुन:पुन्हा तीच बडबडगीते म्हणणारा माणूस मिळतो. भ्रमणध्वनी यातले काय देणार?

'मायेचा बाजार मांडता का?' असे कोणी विचारील. बाजार तर केव्हाच मांडला गेला आहे. फरक इतकाच की, त्यात एकाच पक्षाने फुकट राबायचे, असा दंडक आहे. नातवंडाचा सहवास हा आजीचा आनंद आहे, म्हणूनच तो तिच्या इच्छेने आणि तिच्या शक्तीप्रमाणे घडला पाहिजे. आठवड्यातून एक दिवस तिचा स्वत:चा असावा. आजोबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून दुपटी बदलावीत. संस्कृतीचा जयघोष करणाऱ्या संस्थांनी नातवंड झालेल्या आपल्या कर्मचाऱ्यांना चार दिवसांची तरी रजा द्यावी.

एवढे जमणार नसेल, तर व्यासपीठावर आजीचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.