रुतणारी बोलेरो आणि स्वस्तातला डिफरन्शियल

दौंड तालुक्यात पाऊस तसा बेताचाच. पण ऊस आहे, कालव्याचं पाणी आहे, आणि रात्री कुणाचा पाट फुटला की भर मार्चमध्येही पाणंदीत चिखल होतो. भांडगावात पुणे-सोलापूर महामार्गावरून खाली उतरून काळ्या मातीच्या वाटेला लागलेली जुनी बोलेरो अशा ठिकाणी फसते, तेव्हा दृश्य ठरलेलं असतं. मागचं एक चाक भणभण फिरतंय, दुसरं चाक कोरड्यावर असूनही हलत नाही, आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर आणखी दाबतोय. ‘सगळी ताकद फसलेल्या चाकाला जाते’ असं सगळेच म्हणतात, पण ते खरं नाही. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो आणि तिथेच घोटाळा होतो. चिखलातल्या चाकाला फिरायला जेवढा किरकोळ जोर लागतो, तेवढाच कोरड्यावरच्या चाकाच्या वाट्याला येतो, आणि तेवढ्यात दीड टनाची गाडी पुढे सरकत नाही. फ्रान्सच्या पेक्योरने 1827 साली वाफेच्या गाडीसाठी ज्या रचनेचं पेटंट घेतलं, तिचाच हा गुण आणि तिचाच हा दोष. वळणावर चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचं, तर ही उदारता अंगाशी येणारच.

यावर ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवून घ्या’ असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. सल्ला चूक नाही, अर्धवट आहे. ही वस्तू जन्माला आली शर्यतीच्या मैदानात. 1930 च्या दशकात ऑटो युनियनच्या अफाट ताकदीच्या गाड्यांचं आतलं चाक वळणावर नुसतंच फिरायचं, म्हणून फर्डिनंड पोर्शे यांनी झेडएफ कंपनीकडून ती करून घेतली. आजही तिची जाहिरात त्याच भाषेत होते: वळणातून बाहेर पडतानाची पकड, स्थिरता, वेग. भांडगावच्या बोलेरोचा प्रश्न अगदी उलटा आहे. वेग शून्य, एका चाकाची पकड शून्य, आणि गरज फक्त दहा फूट पुढे जाण्याची. म्हणून माझं म्हणणं असं, की किमतीची यादी समोर ठेवून डिफरन्शियल निवडूच नये. आपली गाडी कशी फसते ते आधी पाहावं. त्यात बरेच पर्याय आपोआप गळतात.

पहिला गळतो तो हेलिकल गिअरचा, म्हणजे टॉर्सन किंवा क्वेफ जातीचा. यंत्र म्हणून तो मला सर्वांत देखणा वाटतो. त्यात झिजणाऱ्या प्लेटा नाहीत, तेलात वेगळं काही मिसळावं लागत नाही, आणि डांबरी रस्त्यावर तो आहे हे कळतही नाही. पण तो गुणाकार करतो. घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर लागतोय, त्याच्या साधारण अडीच-तीन पट दुसऱ्याला देतो. शून्याला तीनने गुणलं तरी शून्यच. चाक हवेत लटकलं किंवा पातळ चिखलात गेलं, की पैसे वाया. क्लच प्लेटांच्या डिफरन्शियलमध्ये स्प्रिंगचा थोडा ताण आधीपासून असतो, त्यामुळे शून्य पकडीतही काही जोर पलीकडे जातो. मात्र त्या प्लेटा रोजच्या प्रत्येक वळणावर घासतात, तेल विशिष्ट लागतं, आणि प्लेटा संपल्या की आतला माल साध्या डिफरन्शियलसारखाच वागतो. जुन्या बाजारातून आणलेल्या अशा नगाच्या प्लेटा किती उरल्यात, हे खोलल्याशिवाय विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

उरतो तो मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल, अर्थात एमएलडी. ईटन कंपनीचा हा नग महिंद्राने 2015 च्या थारमध्ये मागच्या एक्सलला दिला, पुढे बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये मल्टी टेरेन टेक्नॉलॉजी या नावाने आणला. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, एक खटका अडकतो आणि दोन्ही चाकं एकजीव होतात. ताशी तीसेक किलोमीटरच्या वर तो लॉक होत नाही. हिशेब करून पाहा. बोलेरोच्या 215/75 आर 15 टायरचा परीघ सुमारे 2.2 मीटर, म्हणजे 100 फेऱ्या ताशी 13 किलोमीटरच्या झाल्या. एक चाक थांबलेलं असताना स्पीडोमीटर दोन्ही चाकांची सरासरी दाखवतो, तेव्हा काटा सातच्या आसपास आला की काम होतं. उलट स्टिअरिंग पूर्ण वळवून कोरड्या रस्त्यावर एवढा फरक पाडायचा, तर गाडी चाळीसच्या वर हवी, आणि तसं वळण घेणारा माणूस डिफरन्शियलच्या चिंतेत नसतो. थोडक्यात, गरज नसताना हा नग गप्प बसतो. जुन्या एक्सलला आणि जुन्या टायरला तेच परवडतं.

त्याचे दोषही आहेत. तो झटक्याने लॉक होतो. घाबरून ॲक्सिलरेटर तळाला दाबणाऱ्याच्या गाडीत तो झटका वीस वर्षं जुन्या एक्सल शाफ्टला बसतो. शिवाय दोन्ही चाकं एकदम फिरू लागली की गाडीची मागची बाजू उताराकडे घसरते. सपाट शेतात याने बिघडत नाही, पण कालव्याच्या भरावावर ते जपावंच लागतं.

आता वेल्डिंगचा मुद्दा, कारण सर्वांत स्वस्त उत्तर म्हणून तेच पुढे येतं: स्टार गिअर वेल्ड करून टाका, दोन्ही चाकं कायमची एक. ट्रॅक्टरलाही डिफरन्शियल लॉक असतोच की, असा त्याला आधार दिला जातो. पण ट्रॅक्टरचा लॉक पायाने दाबायचा आणि वळण्याआधी सोडायचा असतो; वेल्ड सोडता येत नाही. यू-टर्न घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 4.4 मीटर जास्त धावतं, वळण लहान असो वा मोठं. म्हणजे टायरचे दोन पूर्ण फेरे. सोलापूर रस्त्याच्या कोरड्या डांबरावर ते दोन फेरे टायर तरी घासून काढतो, नाहीतर शाफ्ट पिळवटून. त्यात स्टार गिअरचं पोलाद वरून कडक केलेलं असतं, वेल्ड त्यावर नीट धरत नाही, आणि तुटलेला तुकडा क्राऊन-पिनियनच्या दातांत गेला तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम होतात. हे उत्तर मला स्वस्त वाटत नाही.

‘हँडब्रेक अर्धा ओढला की गाडी निघते’ हा दुसरा लाडका उपाय. ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो, म्हणून तिथे फिरणारं चाक तेवढं दाबता येतं. बोलेरोचा हँडब्रेक दोन्ही चाकं धरतो. फिरणाऱ्या चाकाला रोखून जो जोर पलीकडे पोचवला, तोच पलीकडचा ब्रेक खाऊन टाकतो. मागे दोन पोती वजन टाकणं आणि नक्षी शिल्लक असलेले टायर घालणं याने मात्र खरोखर फरक पडतो. गोटा टायर असतील, तर आधी तो खर्च. डिफरन्शियल असलेली पकड वाटतो, नवी पैदा करत नाही. फोर बाय फोर घ्यावी, म्हणणाऱ्यांचंही अगदी चूक नाही. पण दोन्ही एक्सलमध्ये साधे डिफरन्शियल असतील, तर पुढचं एक आणि मागचं एक चाक फिरत ठेवून तीही रुतते. वर्षातून पाच-सात दिवस चिखल तुडवणाऱ्याने तेवढ्यासाठी गाडी बदलावी, हे मला पटत नाही.

कायद्याचा प्रश्न गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करण्याविरुद्ध निकाल दिला. हाऊसिंगच्या आत काय आहे हे नाक्यावर कुणी पाहत नाही, हे खरं. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहू शकतो. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा नग असला तरी आरटीओला आणि विमा कंपनीला आधी विचारलेलं बरं.

आणि मग खरेदी. थारचा नग बोलेरोला बसतोच, असं डोळे झाकून धरू नये. एक्सलच्या आट्या मोजाव्यात, क्राऊनच्या बोल्टांची संख्या नि अंतर जुळवावं, बेअरिंगचा नंबर वाचावा. एक जरी चुकलं तरी नग परत. क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते, ती फोडू नये. बसवणाऱ्याकडे डायल गेज नसेल, तर त्याच्याकडे काम देऊ नये, कारण दातांमधली फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशात राखावी लागते. विकणारा बहुधा मागची दोन्ही चाकं उचलून एक हाताने फिरवून दाखवेल. क्लच प्लेटांचा चांगला नग असेल, तर दुसरं चाक त्याच दिशेने फिरतं. एमएलडी मात्र साध्या डिफरन्शियलसारखा उलटा फिरतो, कारण मिनिटाला 100 फेऱ्यांचा फरक हाताने सहजी पडत नाही. तेव्हा ती परीक्षा सोडून द्यावी, मागचं कव्हर उघडायला लावावं आणि आतली ती फिरती वजनं जागेवर आहेत का, ते बॅटरी मारून पाहावं. विकणारा कव्हर उघडायला कुरकुरला, तर ते पैसे टायरवाल्याकडे न्यावेत.