व्हिस्बीचे श्रेय नेमके कशाला?

‘व्हिस्बी’चे नाव निघाले की आपल्या क्षेत्रातही चर्चा ‘रडारला न दिसणारे जहाज’ इथे सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. या कीर्तीनेच या स्वीडिश कॉर्व्हेटचा खरा अभ्यास मागे पडला, असे आमचे मत आहे. कार्लस्क्रोनाच्या गोदीत कॉकम्सने बांधलेले हे जहाज जून 2000 मध्ये पाण्यात उतरले. लांबी 72.7 मीटर, विस्थापन सुमारे 640 टन. हल सँडविच पद्धतीचा: मध्ये पीव्हीसी फोम, दोन्ही अंगांना व्हाइनिल एस्टरमध्ये भिजवलेले कार्बन फायबरचे थर. पण कार्बन फायबर वीजवाहक असते. रडारच्या लहरी ते गिळत नाही, जवळपास धातूसारख्याच परतवते. त्या लहरी भलतीकडे वळतात त्या तिरक्या, सपाट बाजूंमुळे. 57 मिलिमीटर बोफोर्स तोफेची नळीसुद्धा एरवी कवचात दडलेली असते. ही सारी आकाराची करामत. पोलादी पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतो आणि संमिश्र फलक सपाट राहतो, हा आक्षेप खरा आहे, पण तो जोडफायदा झाला. पोलादाला अजिबात न जमणाऱ्या गोष्टी दोन: निम्म्याच्या आसपास वजन आणि चुंबकीय खुणेचा अभाव. 1981 मध्ये सोव्हिएत पाणबुडी थेट कार्लस्क्रोनाजवळच्या खडकांवर अडकली, तेव्हापासून स्वीडनची चिंता उथळ खाड्यांतल्या पाणबुड्या आणि सुरुंग हीच होती. जेमतेम 2.4 मीटर डुबीचे, वॉटरजेटवर 35 नॉटांच्या घरात धावणारे हे जहाज त्या चिंतेचे उत्तर आहे.

मग जहाजे पाचच का, आणि इतक्या उशिरा का, असे कोणी विचारील. सहावे रद्द झाले. पहिली दोन नौदलाच्या हाती आली ती डिसेंबर 2009 मध्ये, तीही मर्यादित क्षमतेनिशी. मात्र घोळ झाला तो मुख्यतः शस्त्रे, सोनार आणि संगणकप्रणाली यांच्या जुळणीत. हलला त्याचा दोष देता येत नाही. गंभीर उणीव वेगळीच होती. हवाई संरक्षणाचे क्षेपणास्त्र 2008 मध्ये वगळले गेले आणि ‘सी सेप्टर’ची निवड व्हायला 2023 उजाडले. न दिसण्याच्या भरवशावर ही उणीव इतकी वर्षे खपून गेली, असा आम्हाला दाट संशय आहे. पहाऱ्यावरचे जहाज तर दिसावे म्हणूनच पाठवतात. मार्च 2024 मध्ये स्वीडन नाटोत गेल्यावर हे काम वाढणारच.

आपल्याकडे 2017 ची ‘किल्टन’ आणि 2020 ची ‘कवरत्ती’ यांची वरची बांधणी कॉकम्सच्याच कार्बन संमिश्राची आहे, हल मात्र पोलादी. वरचा भार घटला, हे उघड आहे. परंतु कार्बन आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की गंजतो तो पोलाद. म्हणून या जहाजांच्या प्रत्येक डागडुजीत त्या सांध्यांची अवस्था काय आढळते, याच्या नोंदी आपल्या आरेखनकारांपर्यंत पोहोचायला हव्यात.