बुरखाधारी तलवारबहाद्दर आणि रत्नागिरीचा चाकरमानी

झोरो जन्माला आला अमेरिकेत. जॉन्स्टन मॅककली यांनी १९१९ मध्ये एका साप्ताहिकात त्याची गोष्ट क्रमशः लिहिली आणि पुढच्याच वर्षी डग्लस फेअरबँक्सने त्याला पडद्यावर आणले. दिवसा नाजूक, सदा कंटाळलेला जमीनदाराचा मुलगा; रात्री डोळ्यांवर काळी पट्टी, हातात तलवार आणि जुलमी अंमलदारावर तिच्या टोकाने उमटवलेले ‘झेड’ अक्षर. पुढे १९३९ मध्ये आलेल्या बॅटमॅनवर त्याचीच सावली आहे. आपल्याकडे हा नायक आला तो मात्र नक्कल म्हणून, असे चित्रपटाचे जाणकार सांगतात आणि विषय संपवतात. मला हे अपुरे वाटते. नक्कल निर्माता करतो, पण ती टिकवायची की नाही हे प्रेक्षक ठरवतो.

तो प्रेक्षक कोण होता? मूकपटांच्या काळात ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ म्हणून गाजलेले मास्टर विठ्ठल तलवारीच्या जोरावरच लोकप्रिय झाले. १९३१ च्या ‘आलम आरा’चे नायकही तेच. १९३५ मध्ये होमी वाडिया यांच्या ‘हंटरवाली’त तर बुरखा बाईने चढवला. अभिनेत्री नादियाने साकारलेली राजकन्या माधुरी कारस्थानी वजिराविरुद्ध चाबूक आणि तलवार घेऊन उभी राहिली. अशा स्टंटपटांना सुशिक्षितांनी नाके मुरडली. गर्दी केली ती कामकरी माणसाने. मुंबईच्या गिरण्यांना त्या काळी सर्वांत जास्त कामगार पुरवणारा जिल्हा रत्नागिरी होता, आणि १९८१ पर्यंत सिंधुदुर्गही त्यातच होता. स्वस्तातल्या बाकांवर आपली माणसे मोठ्या संख्येने असणार, हे म्हणायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

ही माणसे गावाहून कोरी आली नव्हती. शिमग्यात संकासुर येतो तो अंगभर काळ्या पोशाखात, डोक्यावर उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरे. चेहरा झाकलेला, म्हणून तोंडावर कुणालाही काहीही बोलायची त्याला मुभा. दशावतारात झांज आणि पखवाजाच्या ठेक्यावर राजा आणि राक्षस तलवारीला तलवार भिडवतात आणि पहाटेपर्यंत कुणी जागचे हलत नाही. झाकलेल्या तोंडाने खरे बोलता येते आणि पात्याच्या लढाईत न्याय होतो, हे ज्याने लहानपणापासून पाहिले त्याला झोरोची ओळख करून द्यावी लागली नाही. शिवाय इंग्रजांच्या सेन्सॉरखाली उघड राजकारण पडद्यावर येणे अवघड होते. दुष्ट वजीर मात्र चालत होता, आणि तो कोण हे प्रेक्षकाला कळत होते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. बुरखाधारी तारणहार लोकांना हातावर हात ठेवून बसायला शिकवतो, असे म्हणतात. पण याच कामगारांच्या मुंबईतल्या गिरणगावाने १९२८ मध्ये सहा महिने संप चालवला आणि १९३४ मध्ये पुन्हा गिरण्या बंद पाडल्या. सिनेमाने संप घडवला असा माझा दावा नाही. सिनेमाने माणूस झोपी गेला नाही, एवढे तरी यावरून दिसते. दुसरा आक्षेप मला मान्यच आहे: झोरो जमीनदाराचा मुलगा, माधुरी राजकन्या. बुरख्यामागे गिरणी कामगार सहसा नसतो. कामगार टाळ्या वाजवतो आणि शेवटी सिंहासन पुन्हा राजाकडेच जाते. ही त्या कथेची खरी मर्यादा आहे आणि ती झाकू नये.

म्हणूनच या प्रेक्षकाचे म्हणणे नोंदवले जायला हवे. ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही, बहुतेक मूकपटही गेले. नमन आणि दशावतार या लोककलांचे चित्रीकरण आपण हौसेने करतो. पण पन्नासच्या दशकातले स्टंटपट पाहिलेले, आता ऐंशी-नव्वदीत असलेले निवृत्त गिरणी कामगार गावोगाव आहेत. त्यांना कुणी विचारत नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून उभे आहे, जिल्ह्यात महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन त्यांच्या घरी जावे. कुठल्या थिएटरात, किती आण्यांत, कुणाची तलवारबाजी पाहिली आणि वजीर पडला तेव्हा थिएटरात काय ओरडा झाला, एवढे विचारले तरी पुरे.