रंग उडाला, हिशेब उरला

नवा गडद निळा सदरा पहिल्यांदा धुताना आपण तो वेगळा भिजवतो. बादलीतले निळे पाणी मोरीत ओतले की आपल्यापुरता विषय संपतो.

तमिळनाडूतल्या तिरुप्पूरने हेच वर्षानुवर्षे केले, फक्त नदीच्या मापाने. बनियन आणि टी-शर्टच्या निर्यातीवर शहर श्रीमंत झाले. रंगाईच्या कारखान्यांचे पाणी नोय्यल नदीत जात राहिले. शेतीसाठी बांधलेल्या ओरतुपाळयम धरणात ते साठले आणि शेतकऱ्यांनाच ते पाणी नकोसे झाले. अखेर जानेवारी २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला.

अशा पाण्यावर शास्त्रज्ञ एक उपाय सुचवतात. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करता येते, असे दाखवले. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ. प्रकाश मिळाला की त्याच्या पृष्ठभागावर रंगाचे रेणू तुटू लागतात. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग अधिक. म्हणून ही अतिसूक्ष्म भुकटी. झाडपाल्याच्या अर्काच्या साह्यानेही असे कण बनवतात, म्हणून ‘पर्यावरणस्नेही’ हे बिरुद.

काचेच्या भांड्यात हे छान जमते. पण टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम पाच टक्के. गडद पाणी प्रकाशाला आत शिरू देत नाही. भुकटी पुन्हा गाळून काढावी लागते. शिवाय सुती कापडावर रंग बसावा म्हणून घातलेले मीठ जसेच्या तसे उरते. नोय्यलकाठच्या शेतकऱ्याचे खरे दुखणे तर हा खारटपणाच होता. रंग दिसेनासा झाला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नव्हे.

मी बँकेत कर्जप्रकरणे तपासत असे. यंत्रे, कच्चा माल, वीज, मजुरी, सगळ्यांना रकाना होता. वापरलेले पाणी कुठे जाणार, याला नव्हता. तो खर्च नव्हताच असे नाही. तो नदीच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या नावे पडत होता.

तिरुप्पूरचे कारखाने पुढे सुरू झाले, ते पाणी बाहेर न सोडता शुद्ध करून पुन्हा वापरण्याच्या अटीवर. त्या महागड्या साखळीत या भुकटीला एखादी कडी होता येईल. साखळीची जागा मात्र ती घेणार नाही. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीतही कापड रंगते आणि नदीची तक्रार तिथेही जुनीच आहे. विज्ञान रंग उडवील. पाण्याचे पैसे सदऱ्याच्या किमतीत धरायचे की शेतकऱ्याच्या माथी मारायचे, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल.