परक्या होडीचा तांडेल

 २ जानेवारी २०२६ ला क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांना जाऊन सात वर्षं झाली. १९३२ साली मालवणात जन्मलेल्या या माणसाची आठवण आपल्याकडे दरवर्षी ठरलेल्या वाटेनं निघते. सचिन, स्कूटर, स्टंपवर ठेवलेला रुपया, आणि शेवटी 'सर आमचे मालवणचेच ओ!' म्हणून चहाचा घोट. यंदा त्यांच्या निमित्तानं जरा वेगळ्या माणसांबद्दल बोलावं असं वाटतं. दुसऱ्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या, आणि एक दिवस परमुलखातून बोलावणं आलं की निघून जाणाऱ्या प्रशिक्षकांबद्दल.

सरांच्या चरित्रातला सगळ्यात गाजलेला सामना घ्या. त्या दिवशी सर मैदानावर नव्हतेच. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची ती अभेद्य भागी रचली तेव्हा सीमारेषेवर उभे होते सहायक प्रशिक्षक लक्ष्मण चव्हाण. डाव सोडा, डाव सोडा म्हणून ते ओरडत होते, आणि ती दोन पोरं त्यांच्याकडे नजर जाणार नाही याची पुरेपूर खबरदारी घेत होती. अखेर जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन गेला. कांबळी नाबाद ३४९ वर होता, साडेतीनशेला एकच धाव कमी. सरांनी ऐकून घेतलं आणि डाव सोडायला सांगितलं. डाव सुटला. सकाळपासून चव्हाण जे ओरडून सांगत होते तेच सरांनी फोनवर सांगितलं. फरक एवढाच की सांगणारा मुख्य होता.

सहायकाच्या नोकरीचा अर्क या एका प्रसंगात आहे. निर्णय त्याचाही बरोबर असतो, पण तो चालत नाही.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात क्रिकेटपेक्षा कबड्डीच्या मैदानावर हा माणूस जास्त दिसतो. संध्याकाळी मातीवर पाणी मारणारा तो, चुन्याच्या रेघा ओढणारा तो, पकडीत कोपऱ्याचा पाय दोन इंच पुढं पडतोय हे पहिल्यांदा बघणाराही तोच. चढाईपटूचा घोटा सुजला की बर्फ आणायला मोटारसायकल त्याची. स्पर्धेला जायचं तर सुमोवाल्याशी भाड्याची घासाघीस त्यानं करायची. चषक मिळाला की फोटोत तो डावीकडच्या टोकाला, अर्धा कापलेला. पेपरात नाव येतं ते मार्गदर्शक म्हणून दुसऱ्याचं. आंतरराष्ट्रीय संघांत याच कामाला मान आणि पगार बरा मिळतो, एवढाच फरक. भारतीय फलंदाजांना नेटमध्ये हजारो चेंडू फेकणारा राघवेंद्र आपल्याच किनाऱ्यावरच्या, खाली कुमठ्याचा. त्याचं नाव कोहलीनं जाहीरपणे घेतलं म्हणून निदान लोकांना कळलं.

मालवणच्या बंदरावर ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. होडीवर तांडेल एकच. जाळं कुठं टाकायचं, वारा कुठून फिरेल, कधी माघारी वळायचं, हे तो ठरवणार. त्याच्या शेजारी दहा वर्षं उभा राहिलेला खलाशी हे सगळं शिकतो, कधी त्याच्यापेक्षा जास्त शिकतो; पण त्या होडीवर त्याला तांडेल होता येत नाही. मग देवगडचा किंवा गोव्याचा एखादा मालक बोलावतो आणि तो जातो. त्याला बंदरावर कुणी गद्दार म्हणत नाही. 'वाटो किती देतत?' एवढंच विचारतात.

खेळात मात्र आपण इतके समजूतदार नसतो. तिथं झेंडा मध्ये येतो.

नाशिकच्या शैलजा जैन यांचं उदाहरण अजून ताजं वाटतं. महाराष्ट्रात त्यांनी कबड्डीच्या पिढ्या घडवल्या, राष्ट्रीय स्पर्धांत खेळलेल्या शेकडो मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षकपद मात्र त्यांच्याकडे कधी आलं नाही. निवृत्तीनंतर इराणनं बोलावलं आणि त्या गेल्या. शाकाहारी बाई, परकी भाषा, डोकं झाकून खेळणाऱ्या मुली. जैनबाई कामापुरती फारसी शिकल्या, मुलींना प्राणायाम आणि योगासनं करायला लावली, आणि आपल्याकडे मातीवर शिकवलेलं सगळं तिथं मॅटवर शिकवलं. २४ ऑगस्ट २०१८ ला जकार्तामध्ये आशियाई स्पर्धेचा महिलांचा अंतिम सामना झाला. इराण २७, भारत २४. २०१० आणि २०१४ ची विजेती भारतीय महिला कबड्डी पहिल्यांदाच रुपेरी पदकावर थांबली, आणि समोरच्या बाकावर आनंदानं रडत होती ती एक मराठी बाई. त्याच स्पर्धेत इराणच्या पुरुषांनीही भारताला उपांत्य फेरीत घरी पाठवलं. १९९० पासून सलग सात सुवर्णं जिंकलेला आपला संघ तो!

तेव्हा आपल्याकडच्या प्रतिक्रिया गमतीच्या होत्या. काहींना अभिमान वाटला, काहींना राग आला, आणि बरेच जण सकाळी रागावले नि संध्याकाळी अभिमानानं फोटो पुढं पाठवू लागले. आमचं म्हणणं असं की दोन्ही फुकटचं होतं. ज्या बाईला आपण आपल्या संघाच्या बाकावर बसवलं नाही, तिच्या विजयावर हक्क सांगायचा कसा? आणि राग कशाचा? १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक केलं, ते जगानं नुसत्या टाळ्या वाजवाव्यात म्हणून? हा खेळ इतरांनी उचलावा अशी इच्छा धरायची, आणि उचलून त्यांनी आपल्यालाच आस्मान दाखवलं की शिकवणाऱ्याकडे वळून बघायचं, हे बरं नव्हे. शेजारी शिकला तरच सामना रंगतो. २०२३ मध्ये हांगझोऊला भारतीय मुलींनी सुवर्ण परत मिळवलं ते चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ असं, एका गुणानं. तो एक गुण मिळवताना जो कस लागला, त्यातला थोडा वाटा जकार्ताच्या पराभवाचाही धरायला हवा.

क्रिकेटमध्ये हा प्रवास जुना आहे. २० मार्च २००३, डर्बन, विश्वचषकाची उपांत्य फेरी. भारताविरुद्ध केनिया. गांगुलीचं शतक, तेंडुलकरच्या ८३, सामना एकतर्फी. पण केनियाला तिथवर आणणारे प्रशिक्षक होते शिवाजी पार्कचे संदीप पाटील. म्हणजे एका मैदानावरची माणसं दोन तंबूंत बसली होती आणि कुणालाच त्यात विशेष खटकलं नाही. लालचंद राजपूत यांची कथा याहून बोलकी. २००७ साली धोनीच्या संघानं जोहान्सबर्गला पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक उचलला तेव्हा संघाबरोबर 'मुख्य प्रशिक्षक' असा कुणी नव्हताच. राजपूत होते, पण 'क्रिकेट मॅनेजर' म्हणून. जग जिंकून झाल्यावर मुख्य प्रशिक्षकाची जागा भरली गेली आणि ती दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी कर्स्टनना मिळाली. कर्स्टन यांनी २०११ चा विश्वचषक जिंकून दिला, तेव्हा निवड चुकली असं कुणी म्हणू शकणार नाही. पण राजपूतांना ती पाटी दारावर लावायला मिळाली ती काबूलवाल्यांकडून, २०१६ मध्ये. मग झिम्बाब्वे, आणि २०२४ पासून संयुक्त अरब अमिरात.

परदेशातली मुख्य खुर्ची दुरून गुबगुबीत दिसते, प्रत्यक्षात ती हलती असते. अफगाणिस्तानला जून २०१७ मध्ये कसोटीचा दर्जा मिळाला तो राजपूतांच्या कारकिर्दीत. वर्ष संपता संपता त्यांच्या जागी दुसरा माणूस आला होता. झिम्बाब्वेनं चार वर्षांनी डेव्ह हॉटनना पुढं आणलं. अमिरातीच्या संघानं २०२५ च्या मे महिन्यात शारजात बांगलादेशला २-१ असं हरवलं, आणि सप्टेंबरात आशिया चषकात तोच संघ भारतासमोर ५७ धावांत गुंडाळला गेला. एकाच वर्षात हे दोन्ही. पहिल्या दिवशी पत्रकार प्रशिक्षकाला गाठतात, दुसऱ्या दिवशीही त्यालाच गाठतात. सहायकाला यातलं काही सोसावं लागत नाही. आपल्या नावावर हरण्याची संधी हीसुद्धा बढतीतलीच एक वस्तू आहे, आणि ज्याला ती नको वाटते त्यानं खुशाल दुसऱ्या क्रमांकावर राहावं. त्यात कमीपणा नाही. मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे सुलक्षण कुलकर्णी उलट्या दिशेनं गेले. इथं मुख्य होते, ओमानच्या संघात उपमुख्य प्रशिक्षक झाले. २०२६ च्या फेब्रुवारीत भारत आणि श्रीलंकेत टी-ट्वेंटी विश्वचषक होता. अमिरात आणि ओमान दोघेही त्यात होते.

जाण्याचं दुःख सिंधुदुर्गाला नवं नाही. २००१ च्या जनगणनेत हा जिल्हा ८ लाख ६८ हजारांचा होता, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजारांचा. सगळा देश वाढत असताना आपण घटलो. सरांचं आडनाव ज्या आचऱ्यावरून आलं, तिथं तर रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं, आणि पुन्हा कौल घेऊनच परततं. गिरणीत, गोदीत, जहाजावर, आखातात आपली माणसं गेलीच. फक्त चाकरमानी जायचा तो काम शिकायला. प्रशिक्षक जातो तो शिकून झाल्यावर. त्याच्याबरोबर वीस वर्षांची नजर जाते. कुठल्या पोराला ओरडायचं आणि कुठल्याला एकटं सोडायचं, याचा हिशेब कुठल्याही वहीत लिहिलेला नसतो. मागं राहिलेल्या संघाला हे नुकसान महिन्याभरात जाणवतं, आणि ते खरं नुकसान आहे. शुभेच्छांचे फलक लावून ते भरून येत नाही.

मग परत येण्याचं काय? १९८८ च्या त्या सामन्यात पॅड बांधून वाट बघत बसलेला तिसरा मुलगा अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही, तेव्हाही आणि नंतरही. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, भारताची टोपी मात्र नाही. फलंदाजी शिकवायला तो नेदरलँड्सकडे गेला. २०१९ मध्ये भारतात आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कसोटी संघाचा फलंदाजी प्रशिक्षक झाला. म्हणजे परक्या तंबूतला सहायक. २०२३ च्या ऑक्टोबरात भारतीय महिला संघाची जबाबदारी त्याच्याकडे आली. आणि २०२५ च्या २ नोव्हेंबरला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेलाच ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. त्या रात्री सर हवे होते, असं मालवणात अनेक जण म्हणाले. खरं आहे. पण आम्हाला त्या रात्री सीमारेषेवर ओरडणारे चव्हाणही आठवले.

मुझुमदार परतला कारण परतायला जागा होती. कुणीतरी ती मोकळी ठेवली, अर्ज मागवले, मुलाखत घेतली, आणि बाहेरच्या संघासाठी केलेलं काम त्याच्या नावापुढं जमेला धरलं. हा साधा व्यवहार आहे. कबड्डीत तो झाला नाही म्हणून जैनबाई इराणला गेल्या.

आता आपल्या अंगणातलं. या जिल्ह्यात कबड्डी, खो-खो, क्रिकेट, जलतरण शिकवणाऱ्या 'सरां'ची संख्या कमी नाही. त्यातले बहुतेक कुणाचे तरी सहायक आहेत आणि बहुतेकांच्या हाती कागद नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. तिथं जायचं तर फी, रेल्वेभाडं आणि दीड महिन्याची बुडालेली रोजी, एवढं अंगावर घ्यावं लागतं. टेनिस क्रिकेटच्या एका रात्रीच्या स्पर्धेत आपण जेवढं बक्षीस आणि जेवढी रोषणाई करतो, त्यातल्या थोड्याशा पैशांत दरवर्षी दोन माणसं पाठवता येतील. मंडळांनी वर्गणी काढावी, बागायतदारांनी आणि पर्यटनात बरकत आलेल्या मंडळींनी भर घालावी. निवड करताना मोठ्या सरांना विचारू नये. खेळणाऱ्या पोरांना विचारावं, ती अचूक नाव सांगतात. आणि पैसे देताना 'किमान पाच वर्षं जिल्ह्यात राहीन' असं लिहून घेण्याचा मोह कार्यकारिणीतल्या कुणाला तरी होईलच. त्याला तिथल्या तिथं गप्प करावं.