एल निनोची बातमी आणि आपले शिवार

उन्हाळा सरत आला की ‘यंदा एल निनो’ अशी बातमी येते आणि पारावर चर्चा रंगते. कोणी म्हणतो, दुष्काळ पक्का, बियाण्याला पैसा कशाला घालायचा? दुसरा म्हणतो, वेधशाळेचं हे नेहमीचंच! दोन्ही टोके शेतकऱ्याला महागात पडणारी आहेत. तेव्हा हे प्रकरण काय आहे, ते समजून घेतलेले बरे.

प्रशांत महासागराने पृथ्वीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग व्यापला आहे. विषुववृत्तालगत त्यावरचे वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेले पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. पाणी गरम तिथे वाफ जास्त. हवा वर चढते, ढग जमतात, पाऊस पडतो. काही वर्षांनी हे वारे मंदावतात. मग गरम पाणी पूर्वेकडे पसरते आणि ढगही तिकडेच सरकतात. हाच एल निनो. १९९७-९८ मध्ये पेरू देशाच्या कोरड्या किनाऱ्यावर महापूर आले, तर इंडोनेशियात वाळलेली जंगले पेटली. अशा वर्षी आपल्याकडे हवा वर चढायला अटकाव होतो आणि मोसमी पाऊस रोडावण्याची शक्यता वाढते. वारे नेहमीपेक्षा जोरात वाहिले की उलट घडते, त्याला ला निना म्हणतात.

आता जुना हिशेब पाहू. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. ते एल निनोचे वर्ष होते. २०१५ मध्येही तो होता. त्या साली देशात सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस झाला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. पण १९९७ चा एल निनो गेल्या शतकातील अतिशय प्रबळ समजला जातो आणि त्या वर्षी देशात पाऊस सरासरीहून थोडा जास्तच झाला! कारण पाऊस एकट्या प्रशांत महासागराच्या हातात नाही. हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू तापली आणि इंडोनेशियाकडची थंड राहिली, तर आपल्या पावसाला बळ मिळते. १९९७ मध्ये तसेच झाले होते.

२०२३ चा धडा वेगळा आहे. देशाची सरासरी ९४ टक्के भरली. कागदावर फार वाईट नाही. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. ऐन फुलोऱ्यात सोयाबीनने माना टाकल्या. ऑक्टोबरअखेर राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. देशाच्या सरासरीने आपल्या रानातली ढेकळे भिजत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. ला निना आला म्हणजे सगळे चांगभले, असेही नाही. २०२१ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले, ते ला निनाच्याच काळात.

म्हणून एल निनोची बातमी म्हणजे निकाल नव्हे, ती धोक्याची सूचना आहे. हवामान खात्याचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्यास येतो, सुधारित अंदाज मेअखेर. पहिल्यापेक्षा दुसऱ्यावर जास्त भिस्त ठेवावी. पेरणी मात्र बातमीवर नको, ओलीवर करावी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली भिजल्याशिवाय तिफण धरू नये. दुबार पेरणी म्हणजे बियाणे, खत, मजुरी सगळे डबल! धोक्याच्या वर्षी सगळे रान एकाच पिकाखाली न घालता तुरीचे आंतरपीक घ्यावे. खंड पडला तरी एक पीक हाती लागते. रुंद वरंबा सरीवर पेरले तर ओल टिकते आणि जादा पाणी सरीतून निघूनही जाते.

गावच्या कारभाऱ्यांचे काम याहून मोठे आहे. २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ नुसत्या पैसेवारीवर ठरत नाही. पावसाची तूट, पावसातला खंड, जमिनीतली ओल, पिकांची स्थिती, भूजल असे निकष लागतात. म्हणजे मंडळातला पर्जन्यमापक बंद असेल, किंवा नोंद चुकीची जात असेल, तर गाव जळाले तरी कागदावर हिरवेच दिसणार. तलाठी भाऊसाहेब, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि सरपंच यांनी मे महिन्यातच यंत्र चालू आहे का ते पाहावे. खंड किती दिवसांचा पडला, याची तारीखवार नोंद गावातही ठेवावी. पिण्याच्या विहिरींचा गाळ काढणे आणि चाऱ्याचा अंदाज घेणे ही कामे पावसाआधीच उरकावीत.

समुद्र तापणे आपल्या हातात नाही. पण सूचना चार-दोन महिने आधी मिळत असताना ऑक्टोबरात तहसीलवर मोर्चा नेण्यापेक्षा मे महिन्यात ग्रामसभा बोलावलेली केव्हाही चांगली.