पाणीपट्टी कां भरावी?

घरांत येणाऱ्या कागदपत्रांपैकीं ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलें जातें असा एक कागद म्हणजे पाण्याचें बिल होय. विजेचें बिल थकलें तर दिवे जातील या भीतीनें आपण तें वेळेवर भरतों. मोबाईलचे पैसे तर मुदत संपण्यापूर्वींच भरतों. पाण्याचें बिल मात्र खिडकीच्या गजांत खोंचलेलें राहतें, पुढें त्याच्या पाठीवर वाण्याचा हिशेब लिहिला जातो, आणि मार्च महिना उजाडून वसुलीचीं माणसें दारीं आलीं म्हणजे त्याची शोधाशोध सुरू होते. हा विषय शाळेच्या वार्षिकास शोभण्याजोगा नाहीं असें कोणास वाटेल. परंतु ज्या सद्गुणांविषयीं आपण रोज सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों त्यांची परीक्षा बहुधा अशा क्षुल्लक कागदांवरच होत असते, असें माझें मत आहे, व तेंच येथें मांडावयाचें आहे.

पाणीपट्टी न भरणारांचा पहिला आक्षेप असा कीं, पाणी ही देवाची देणगी आहे; तिचे पैसे माणसानें कां घ्यावे? ज्या देशांत उन्हाळ्यांत वाटसरूंकरितां पाणपोई घालणें हें पुण्यकृत्य समजतात, तेथें हा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. पाऊस देवाचा हें खरेंच. पण धरण, नळ, पंप आणि अपरात्रीं उठून पाणी सोडावयास जाणारा माणूस, हीं कांहीं आकाशांतून पडत नाहींत. पवित्र शास्त्रांत दावीद राजाची एक गोष्ट आहे. लढाईच्या दिवसांत त्यास बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचें पाणी प्यावेंसें वाटलें. त्याचे तीन वीर शत्रूच्या छावणींतून वाट काढून तें घेऊन आले; परंतु तो तें प्याला नाहीं. आणणारांनीं आपला जीव धोक्यांत घातला होता हें मनांत आणून त्यानें तें परमेश्वरापुढें ओतलें. विहिरींतील पाणी फुकट होतें, पण तें आणणारांचे श्रम फुकट नव्हते, हें त्या राजास कळलें होतें. आपण जें बिल भरतों तें पाण्याचें नसून पाणी आणण्याचें असतें.

हें आणणें म्हणजे केवढें काम आहे तें मुंबईच्या उदाहरणावरून कळेल. पूर्वीं तेथील लोक विहिरींवर व तळ्यांवर अवलंबून असत. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी शहरांत आलें. पुढें १८७९ सालीं तुळशी, १८९२ सालीं तानसा, १९५७ सालीं वैतरणेवरील मोडक सागर, १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणा, त्यानंतर भातसा आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा यांची भर पडत गेली. या सात जलाशयांपैकीं विहार व तुळशी हे दोनच शहरांत आहेत. बाकीचे दूर ठाणें व नाशिककडील डोंगरांत आहेत. तेथून तें पाणी मोठमोठ्या नळांतून आणावयाचें, तुरटीनें गाळ बसवावयाचा, वाळूच्या थरांतून तें गाळावयाचें, क्लोरीन घालून निर्जंतुक करावयाचें, आणि मग घरोघर पोहोंचवावयाचें. दूषित पाण्यानें पटकी पसरते हें डॉक्टर जॉन स्नो यांनीं लंडन शहरांत १८५४ सालीं दाखवून दिलें. तेव्हांपासून शुद्ध पाण्यावर झालेला खर्च हा औषधावर वांचलेला खर्च आहे, असेंच शहाणे लोक समजत आले आहेत. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्या शहापूर तालुक्यांत तानसा व भातसा हे जलाशय आहेत, त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. आपल्या नळाचें पाणी कोणाच्या तरी अंगणावरून आलेलें असतें.

दुसरें असें कीं, सर्वांस खुला असलेला नळ ही आपल्याकडे फार प्राचीन वस्तु नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला, तेव्हां तें मोठें धाडस समजलें गेलें. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं महाड येथें चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तें केवळ तहान भागविण्याकरितां नव्हे. मुंबई येथील उच्च न्यायालयानें २०१४ सालीं असा निर्णय दिला कीं, अनधिकृत वस्तींत राहणाऱ्या माणसासही पाण्याचा हक्क आहे. कारण पाण्यावांचून जगण्याचा हक्क पोकळ होय. नगरपालिकेचा नळ जात विचारीत नाहीं व धर्म विचारीत नाहीं. परंतु हा सार्वजनिक नळ सार्वजनिक पैशावर चालतो. ज्यांस देण्याची ऐपत आहे त्यांनीं हात आंखडला, तर श्रीमंत आपली कूपनलिका खणून घेईल, मध्यम स्थितींतला टँकर मागवील, आणि गरिबाला हंड्याहंड्यानें विकत पाणी घेऊन सर्वांहून अधिक दाम मोजावें लागेल. थकबाकीचा भार असा ज्यांनीं ती केली नाहीं त्यांच्यावर पडतो.

हें मीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मी एका जुन्या वाड्यांत राहत असें. सहा बिऱ्हाडांत मिळून एकच नळ होता. बिल वांटून घेण्याची रीत होती, आणि पैसे गोळा करून भरण्याचें काम मजकडे होतें. एका खेपेस बिल नेहमींच्या दुपटीहून अधिक आलें. मीं तावातावानें सर्वांस सांगितलें कीं, ही कचेरीची चूक आहे. ती दुरुस्त होईपर्यंत कोणीं एक पैही देऊं नये. अर्ज मात्र मीं लिहिला नाहीं. आज लिहूं, उद्यां लिहूं, असें करतां करतां दोन बिलें थकलीं, आणि ऐन चैत्रांत नळ तोडला गेला. इतर बिऱ्हाडांनीं मिळून टँकर मागविला. मागील खोलींत धुणींभांडीं करून पोट भरणारी एक बाई आपल्या मुलीसह राहत असे. आपल्या वांट्याचे पैसे ती दर खेपेस सर्वांच्या आधीं आणून देई. या खेपेसही तिनें ते आणले होते, व मींच ते परत केले होते. टँकरचा वांटा देणें तिला शक्य नव्हतें. मुलगी पहाटे उठून दोन गल्ल्या ओलांडून सार्वजनिक नळावर रांगेंत उभी राहूं लागली. ती माझ्याच वर्गांत होती. आठवडाभर मीं हजेरीच्या वहींत तिच्या नांवापुढें 'उशीर' असें लिहिलें. कारण विचारलें तेव्हां ती खालीं मान घालून उभी राहिली. कारण तिला ठाऊक होतें, आणि तें मलाही ठाऊक असावयास पाहिजे होतें.

अखेर मी कचेरींत गेलों. तेथील कारकुनानें माझें बोलणें ऐकून घेतलें आणि एवढेंच सांगितलें कीं, पाणी सुटलें असतां सर्व तोट्या बंद करून मीटर पाहा. थकलेले पैसे भरून नळ जोडून घेतला व तसें करून पाहिलें, तों मीटरवरील लहान चक्र फिरतच होतें. अंगणांतील फरशीखालीं नळी फुटली होती. कचेरीनें बिल बरोबरच पाठविलें होतें.

आतां कोणी म्हणेल कीं, सर्वच ठिकाणीं चूक आपलीच असते असें नाहीं. पाणी एक दिवसाआड येतें, कधीं गढूळ येतें, कधीं येतच नाहीं. मग पूर्ण पट्टी कां द्यावी? हा आक्षेप खोटा नाहीं, व तो करणारास गप्प बसविणें मला इष्ट वाटत नाहीं. नागरिकांनीं तक्रार केलीच पाहिजे. परंतु न भरलेलें बिल म्हणजे तक्रार नव्हे. कचेरीच्या वहींत त्याची नोंद 'थकबाकी' अशी होते, 'गढूळ पाणी' अशी होत नाहीं. वसुली नाहीं म्हणून दुरुस्ती नाहीं, दुरुस्ती नाहीं म्हणून पाणी नाहीं, आणि पाणी नाहीं म्हणून वसुली नाहीं, असें हें रहाटगाडगें एकदां सुरू झालें कीं तें कोणीं तरी थांबवावें लागतें. तें आपण थांबवावें. बिल भरावें, पावती जपून ठेवावी, आणि त्या पावतीचा क्रमांक घालून लेखी अर्ज करावा. ज्याच्या हातीं पावती आहे त्याचा आवाज कचेरींत निराळा ऐकूं येतो.

कर्तव्य एकट्या नागरिकाचें नाहीं. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें, जी १९९३ सालीं अमलांत आली, पाणीपुरवठा हा विषय नगरपालिकांच्या कामांच्या यादींत घातला. तेव्हां जमा किती, खर्च किती, गळती किती, याचा हिशेब लोकांस समजेल अशा भाषेंत दरवर्षीं प्रसिद्ध झाला पाहिजे. पुष्कळ गांवीं अर्ध्या इंची नळास वर्षाची ठरीव पट्टी असते. त्यामुळें काटकसर करणारा व उधळणारा यांस सारखेंच द्यावें लागतें. त्यापेक्षां मीटरप्रमाणें आकार घेणें न्याय्य होय. कराडजवळील मलकापूर येथें मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना लहान गांवानेंही यशस्वी करून दाखविली आहे. आणि जो खरोखर गरीब आहे त्यास हप्ते द्यावे, सवलत द्यावी. एकाच्या थकबाकीसाठीं साऱ्या वाड्याचें पाणी तोडूं नये.

विद्यार्थ्यांनीं काय करावें? दर महिन्याच्या एक तारखेस घरचा मीटर वाचावा. त्यावरील काळे आंकडे बहुधा पूर्ण घनमीटर, म्हणजे हजार लिटर, दाखवितात. तांबडे त्याखालील अंश दाखवितात. मागील महिन्याचा आंकडा वजा करून बाकी वहींत मांडावी. गळणाऱ्या तोटीखालीं एक लिटरचा तांब्या ठेवावा. तो तासाभरांत भरला तर दिवसाचे २४ लिटर व वर्षाचे ८,७६० लिटर वाहून गेले. 'जल जीवन मिशन' या २०१९ सालीं सुरू झालेल्या योजनेंत खेड्यांतील माणसास दररोज ५५ लिटर पाणी देण्याचें ठरविलें आहे. म्हणजे ती एक तोटी एका माणसाचा जवळजवळ निम्मा वांटा पिऊन टाकते. २०१६ सालच्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें तुमच्या आईबापांस चांगलें आठवत असेल, त्यांस विचारा.

पालकांस माझी विनंती एवढीच कीं, पुढील बिल येईल तें खिडकींत न खोंचतां मुलांच्या हातीं द्यावें, तें त्यांच्याकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें, आणि भरतेवेळीं त्यांस सोबत न्यावें. घरीं बसून मोबाईलवरून भरीत असाल, तर त्यांस जवळ बसवावें. कर म्हणजे दंड नव्हे, शेजाऱ्यांशीं मिळून ठेवलेली ती एक वर्गणी आहे, हें त्यांस त्या वेळीं जितकें कळेल तितकें आम्हांस वर्गांत फळ्यावर लिहून शिकवितां येणार नाहीं.

— एक शिक्षक